एका जाजमावर बसताना

१८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका शाळकरी मुलीचा निबंध छापून आला. मुलगी मातंग समाजातली, नाव मुक्ता, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. विषय होता मांग-महारांचं दुःख. पेशवाईतल्या छळाबद्दल लिहिता लिहिता ती बायकांच्या बाळंतपणावर येते. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होत असतील ते तुमच्या घरच्या अनुभवावरून समजून घ्या, अशा आशयाचं ती शास्त्रीपंडितांना सुनावते.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झालं. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर अर्भकहत्येचा खटला झाला होता आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्या स्त्रीजातीवर चिखलफेक चालली होती. ताराबाईंचा संताप त्यातून उसळला. विधवेने पुन्हा लग्न का करायचं नाही, पुरुषाला माफ असलेली चूक बाईला का भोवते, हा त्यांचा सवाल. मराठा घराण्यातल्या, घराच्या चौकटीत वाढलेल्या बाईने सगळ्या पुरुषजातीला विचारलेला.

या दोघी एकमेकींच्या विरोधात नाहीत. पण त्या एकच गोष्टही सांगत नाहीत. पुनर्विवाहाची बंदी ज्या जातींत होती त्या जातींच्या बाईला ताराबाईंचा सवाल जिव्हारी लागणारा होता. महार-मांगांत आणि इतर कितीतरी जातींत पाट लागत असे. तिथल्या बाईचा जाच दुसरीकडून येत होता: गावकुसाबाहेरचं घर, तुटपुंजं धान्य, पाणवठ्यावरची मनाई, आणि मुक्ताने लिहिलेलं ते छप्पर नसलेलं बाळंतपण. एकीला घराच्या भिंती काचत होत्या, दुसरीला भिंतीच नव्हत्या. महाराष्ट्रातल्या स्त्रियांच्या एकजुटीचा प्रश्न या दोन लेखांच्या मधल्या जागेत उभा आहे, आणि पुढच्या पानांत ज्या लेखिका-कार्यकर्त्या बोलत आहेत त्या सगळ्या याच जागेतून चालत आलेल्या आहेत.

मुक्ताच्या निबंधाच्याही आधी, १८५२ च्या संक्रांतीला, सावित्रीबाईंनी पुण्यात तिळगूळ समारंभ ठेवला होता. कोणत्याही जातीधर्माची बाई आली तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, कसलाही पंक्तिभेद होणार नाही, असं त्या निमंत्रणातच कळवलेलं होतं. ही ओळ मला फार मोलाची वाटते, कारण तिच्यात व्यवहार आहे. आपण सगळ्या सारख्या, असं नुसतं म्हणून सावित्रीबाई थांबल्या नाहीत. बसायचं कुठे आणि कसं, हे त्यांनी आधीच ठरवून जाहीर केलं. त्या जाजमावर येऊन बसणाऱ्या ब्राह्मण बाईला घरी गेल्यावर आंघोळ करायला लावली गेली असेल. महारवाड्यातून आलेल्या बाईला आपल्याला उठवतील की काय, ही धाकधूक असेल. जाजम एक असलं तरी त्यावर येऊन बसायची किंमत दोघींना सारखी नव्हती.

चळवळीत इतकी वर्षं वावरल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे आणि ते इथे सरळ मांडते. महाराष्ट्रात बायकांची एकजूट जिथे खरोखर झाली, तिथे मागणी सगळ्यांत अडचणीत असलेल्या बाईच्या तोंडून आली होती आणि बाकीच्यांनी तिच्यासाठी काही ना काही पदरमोड केली होती. जिथे ‘आधी आपण बायका म्हणून एक होऊ, तुझं जातीचं, धर्माचं, पोटाचं नंतर बघू’ असं सांगितलं गेलं, तिथे एकजूट सभा संपेपर्यंत टिकली.

आता लाटणे मोर्चाकडे येऊ. मराठी माणसाला स्त्रियांच्या एकीचं चित्र डोळ्यांपुढे आणायला सांगितलं तर ते हेच येतं. १९७२ चा दुष्काळ, रेशनच्या दुकानापुढच्या रांगा, गोडेतेल आणि रॉकेल गायब, साखरेचा भाव परवडेनासा. मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये फुटला होता आणि त्या फुटीची कटुता ताजी होती. समाजवादी आणि कम्युनिस्ट यांच्यातलं वैर तर त्याहून जुनं. पुरुष नेते एका व्यासपीठावर यायला कां-कूं करत होते त्या काळात या बायका एकत्र बसून तेलातुपाचा हिशेब मांडत होत्या. हजारो गृहिणी हातात लाटणं आणि थाळी घेऊन रस्त्यावर आल्या. थाळी वाजवायला सभाशास्त्र शिकावं लागत नाही, आणि लाटणं चाळीतल्या खोलीत असतं तसंच बंगल्यातही असतं. गिरणगावातली कामगाराची बायको आणि गोरेगावची कारकुनाची बायको एकाच आवाजात बोलल्या, कारण रिकामा डबा दोघींच्याही घरात होता.

त्या मोर्चाने बायकांना जे दिलं ते मोजता येणार नाही. मंत्र्याला जाब विचारता येतो हे कितीजणींना तेव्हा पहिल्यांदा कळलं. तरीही त्या लाटण्याबद्दल एक गोष्ट म्हणायला हवी. डबा रिकामा का, हा प्रश्न सरकारला विचारला गेला. लाटणं बाईच्याच हातात का, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. तो विचारणाऱ्या मुली थोड्या वर्षांनी आल्या, आणि मोर्चात चाललेल्या कितीतरी बायकांना त्या परक्या वाटल्या.

ही एकी राजकारणाच्या पहिल्या मोठ्या धक्क्यात ताणली गेली. १९७५ मध्ये आणीबाणी आली. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने तिला पाठिंबा दिला, समाजवादी आणि मार्क्सवादी विरोधात गेले. मृणालताई भूमिगत झाल्या आणि नंतर पकडल्या गेल्या, अहिल्याताई आणि प्रमिलाताईही तुरुंगात गेल्या. कालपर्यंत एका समितीत बसलेल्या बायकांचे पक्ष आता तुरुंगाच्या भिंतीच्या दोन बाजूंना होते. १९७७ च्या निवडणुकीत मृणालताई आणि अहिल्याताई दोघीही मुंबईतून लोकसभेवर गेल्या. भाववाढीच्या प्रश्नावर जुळलेली माणसं लोकशाहीच्या प्रश्नावर वेगळी होऊ शकतात, यात मला धक्कादायक काही वाटत नाही. एका मागणीवरची एकजूट ही त्या मागणीपुरती खरी असते, आणि तेवढी खरी असणंही पुष्कळ आहे.

मुंबईत थाळ्या वाजत होत्या त्याच सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याला, श्रमिक संघटनेतल्या भिल्ल बायका दारूची मडकी फोडत होत्या. जमीन आणि मजुरीच्या लढ्यात त्या नवऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. पण रात्री पिऊन येणारा मार त्यांना एकटीने खावा लागत होता. तो प्रश्न त्यांनी संघटनेपुढे स्वतः आणला. ‘वर्गलढ्यात फूट पडेल’ ही भीती बाजूला सारली आणि गावोगाव जाऊन गुत्ते बंद पाडले. ऑक्टोबर १९७५ मध्ये पुण्यात संयुक्त स्त्रीमुक्ती संघर्ष परिषद भरली तेव्हा शहरातल्या शिकलेल्या मुली, कामगार बायका, शेतमजूर आणि आदिवासी स्त्रिया एका मांडवाखाली आल्या. आज आपण ज्याला महाराष्ट्रातली स्त्रीमुक्ती चळवळ म्हणतो तिचा मोठा प्रवाह इथून सुरू झाला.

मग मथुरा प्रकरण. मार्च १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मजूर मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही, म्हणजे संमती, असा त्या निकालाचा तर्क. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि त्या वर्षीच्या ८ मार्चला मुंबई, दिल्लीसह अनेक शहरांत बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी दखल घेतली गेली, आणि तिथे बाईने संमती नव्हती असं सांगितलं की ते खरं धरून चालायची तरतूद झाली.

देशातल्या प्रत्येक बाईला याचा फायदा झाला. पण त्या वेळच्या घोषणा आणि लेख आज पुन्हा वाचताना एक सल राहतो. तिचं बाई असणं पुढे आलं; आदिवासी असणं, घरकाम आणि मजुरी करून पोट भरणं, ठाण्यात ज्यांच्यापुढे ती उभी होती त्यांच्याशी तिचं रोजचं नातं काय होतं, हे मागे राहिलं. चार अध्यापकांच्या पत्रात तिच्या परिस्थितीकडे बोट दाखवलं होतं. रस्त्यावर पोचेपर्यंत ते पुसट झालं. ती चळवळीचं प्रतीक झाली, आणि तिच्या स्वतःच्या आयुष्यात दारिद्र्य तसंच राहिलं.

हीच गोष्ट दलित स्त्रियांनी पुढे फार स्पष्ट शब्दांत सांगितली. १९८९ मध्ये मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. आंबेडकरी चळवळीत लढलेल्या बायकांना गावोगाव शोधून, त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या आठवणी लिहून घेऊन सिद्ध केलेलं हे पुस्तक. त्या बायकांनी १९२७ चा महाडचा सत्याग्रह पाहिला होता. २० जुलै १९४२ ला नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली होती, बाबासाहेब तिथे बोलले होते, हजारो बायका जमल्या होत्या. आणि तरीही १९७५ नंतर स्त्रीमुक्तीवर लिहिणाऱ्यांनी चळवळीची सुरुवात सांगताना या परिषदेचं नाव क्वचित घेतलं होतं. आपली आजी ज्या वाटेने गेली ती वाट नकाशावर नसावी, याचा अर्थ काय होतो हे त्या घरातल्या नातीलाच विचारावं.

१९९५ च्या आसपास दलित महिलांच्या स्वतंत्र संघटना राज्यात आणि देशपातळीवर उभ्या राहिल्या. त्याच वर्षी गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रिया वेगळं का बोलतात यावर लेख लिहिला आणि १९९८ मध्ये शर्मिला रेगे यांनी त्याला जोडून पुढचा प्रश्न उभा केला. हे वेगळेपण नुसतं मान्य करून सवर्ण स्त्रीवाद्यांनी बाजूला उभं राहायचं का? तुमचा प्रश्न तुम्ही बोला, आम्ही आदराने ऐकतो, एवढ्यावर थांबायचं? रेगे यांचं म्हणणं होतं की दलित स्त्रीच्या जागेवरून जग पाहायला प्रत्येकीने शिकावं, आपला इतिहास, आपले सिद्धांत, आपला अभ्यासक्रम त्या जागेवरून पुन्हा तपासावा. पुणे विद्यापीठात शिकवताना त्यांनी ते स्वतः करून दाखवलं. २०१३ मध्ये त्या अकाली गेल्या. या पुस्तकातल्या निम्म्याहून अधिक लेखिका कुठल्या ना कुठल्या प्रकारे त्यांच्या ऋणात आहेत, आणि मीही आहे.

हा वाद किती ठोस होता ते तारखांवरून कळतं. स्त्रीमुक्तीचा दिवस कोणता? ८ मार्च जगभरच्या कामगार स्त्रियांच्या लढ्यातून आला. ३ जानेवारी सावित्रीबाईंच्या जन्माचा. आणि १९९६ मध्ये चंद्रपूरला भरलेल्या विकास वंचित दलित महिला परिषदेने २५ डिसेंबर हा भारतीय स्त्रीमुक्ती दिन मानावा असं सांगितलं, कारण १९२७ साली त्या दिवशी महाडला मनुस्मृती जाळली गेली. शहरी संघटनांतल्या काहीजणींना ही फूट वाटली. आहे तो दिवस असताना आणखी एक कशाला, असं त्या म्हणत. मला तेव्हाही असं वाटत होतं आणि आजही वाटतं की हे निमंत्रण होतं. जातीची उतरंड बाईच्या लग्नावर, तिच्या कुशीवर ताबा ठेवूनच उभी राहते, मनुस्मृतीने जखडलेली बाई ब्राह्मण घरातलीही होती. त्या अर्थाने २५ डिसेंबर तिचाही दिवस आहे. दलित स्त्रियांनी स्वतःच्या इतिहासातून काढून तो सगळ्यांपुढे ठेवला. किती सवर्ण स्त्रिया त्या दिवशी घराबाहेर पडल्या, हा हिशेब मात्र आपल्याला द्यावा लागेल.

आणि खैरलांजीचाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यातल्या या गावात एका बौद्ध कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातल्या जमावाने हत्या केली. शहरातल्या बऱ्याच स्त्री संघटनांना जाग यायला आठवडे लागले. त्याआधी विदर्भातल्या दलित बायका रस्त्यावर उतरून लाठ्या खाऊन आल्या होत्या. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा दिल्या, पण जातीवरून झालेला अत्याचार म्हणून ॲट्रॉसिटी कायदा लावायला नकार दिला. १९८० च्या घोषणांमध्ये जे पुसट झालं होतं ते इथे निकालपत्रात पुसलं गेलं. ज्या चळवळीने मथुरेसाठी कायदा बदलून घेतला, तिने खैरलांजीसाठी तेवढ्या जोराने उभं राहायला हवं होतं.

मुस्लिम स्त्रियांचं दुखणं वेगळ्या रस्त्याने आलं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेल्या आणि तोंडी तलाक, बहुपत्नीत्व यांच्याविरुद्ध बोलल्या. सात म्हणजे किती थोड्या! आणि त्या काळी बाहेर पडणं म्हणजे केवढं! १९८५ मध्ये घटस्फोटित मुस्लिम बाईला पोटगीचा हक्क देणारा शाहबानो निकाल आला, १९८६ मध्ये सरकारने कायदा करून तो निष्प्रभ केला. तोवर समान नागरी कायदा ही बहुतेक स्त्री संघटनांची साधी, सरळ मागणी होती. मग तीच मागणी मुसलमानांना धडा शिकवायची भाषा बोलणाऱ्यांनी उचलली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा दंगलखोरांना सामील झालेल्या, त्यांना आडोसा देणाऱ्या बायकाही दिसल्या. बाई जात्याच शांतताप्रिय, या समजुतीवर ज्यांनी भगिनीभाव उभा केला होता त्यांच्या पायाखालची वाळू सरकली.

स्त्रीवादी वकील फ्लेविया ॲग्नेस यांनी त्यानंतर जे लिहिलं ते वाचून अनेकजणी दुखावल्या, पण ते खरं होतं. मोर्चातली काली आणि दुर्गा, शक्तीची गाणी, हळदीकुंकवाच्या निमित्ताने घेतलेले मेळावे, हे सगळं चळवळीने आपली संस्कृती म्हणून सहज वापरलं. हिंदू घरातल्या बाईला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. ख्रिस्ती किंवा मुसलमान कार्यकर्तीला मात्र तिथे पाहुणी असल्यासारखं वाटत राहिलं. आणि हळदीकुंकू तर हिंदूंमधल्या विधवेलाही बाहेर ठेवतं. नव्वदनंतर बऱ्याच संघटनांनी समान नागरी कायद्याची जुनी मागणी बदलली. बाईला प्रत्येक धर्मात आणि धर्माबाहेरही समान हक्क मिळावेत, पण ते एखाद्या समाजाला ठेचायचं हत्यार होऊ नये, अशी ती नव्याने मांडली. मुंबईत १९८७ पासून काम करणाऱ्या आवाज-ए-निस्वाँसारख्या मुस्लिम स्त्रियांच्या संघटना त्या चर्चेत होत्या म्हणून ती बदलली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिहेरी तलाक रद्द केला आणि २०१९ च्या कायद्याने तो गुन्हा ठरवून नवऱ्याला तुरुंगवास ठेवला. त्यावर मुस्लिम स्त्री संघटनांतच दोन मतं पडली. मुस्लिम बायकांनी एकाच सुरात बोलावं ही अपेक्षा आपण का करतो, हिंदू बायकांकडून तर कधी केली नाही.

शेतकरी बाईबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर १९८६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन झालं. एवढ्या संख्येने खेड्यातल्या बायका स्वतःच्या प्रश्नासाठी जमल्याचं महाराष्ट्राने त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत नवऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करून दिला. शहरी स्त्रीवाद्यांना जे भाषणांतून जमलं नव्हतं ते इथे सातबाऱ्यावर झालं. मात्र ज्या घराच्या नावे सातबाराच नाही त्या शेतमजूर बाईला यातून काही मिळालं नाही, आणि ती बहुधा दलित किंवा भटक्या समाजातली होती.

जिथे हा प्रश्न सर्वांत जवळून भिडतो ती जागा आपलं स्वयंपाकघर आहे. सभेला, शिबिराला, मोर्चाला जाणाऱ्या मध्यमवर्गीय बाईच्या घरची धुणीभांडी त्या वेळी दुसरी बाई करत असते. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला. पगारवाढ हवी, हक्काची सुट्टी हवी, आजारपणात खाडा धरू नये. संप कुठल्या कारखानदाराविरुद्ध नव्हता. तो घरोघरच्या वहिनींविरुद्ध होता, आणि त्यांतल्या कितीतरी वहिनी स्त्रीमुक्तीच्या बाजूच्या होत्या. त्या आठवड्यांत पुण्यातल्या ओट्यांवर भांडी साचली तेव्हा बहुतेक घरांत ती घासायला वहिनीच उभ्या राहिल्या. घरातले पुरुष वर्तमानपत्र वाचत बसले. दोन बायकांमधला हा तंटा मुळात घरातल्या पुरुषाने काम न केल्यामुळे उभा राहतो, हे कबूल. पण तो उभा राहतो तेव्हा सुट्टीचे पैसे कापणारा हात बाईचाच असतो. कामवालीचा चहाचा कप वेगळा, कान तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. हा कप मी स्त्री चळवळीवर पुस्तकं असलेल्या घरांतही पाहिला आहे. घरकामगारांच्या संघटना चिवटपणे लढल्या. २००८ मध्ये महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तेवढ्याने प्रत्येक घरातला पगार आणि सुट्टी ठरली नाही. त्यामुळे या लढ्यात चळवळीतल्या बाईला स्वतःच्या घरापासून सुरुवात करावी लागते. आठवड्याची सुट्टी, पगारी रजा, एकसारखा कप. पदरमोड म्हणते ती ही.

हे होऊ शकतं, याची साक्ष पुण्यातच आहे. एसएनडीटी विद्यापीठातल्या काही शिक्षिका साक्षरतेचं काम घेऊन कचरा वेचणाऱ्यांच्या वस्तीत गेल्या. तिथल्या बायका बहुतेक मातंग आणि बौद्ध, त्यांतल्या कितीतरी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या घरांतल्या. म्हणजे ज्या वर्षी मुंबईत थाळ्या वाजल्या त्याच वर्षी या बायका पुण्याच्या उकिरड्यांवर येऊन पोचल्या होत्या. त्यांना तेव्हा हवं होतं ते निराळं होतं: हाताला काच लागणार नाही असा घरोघरचा वेगळा केलेला कचरा, आणि चोर समजून कोणी पकडणार नाही याची हमी. शिक्षिकांनी आपला कार्यक्रम बाजूला ठेवला आणि त्यांच्या मागणीमागे गेल्या. १९९३ मध्ये बाबा आढावांच्या साथीने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. पुढे महापालिकेने मान्यता दिलेली ओळखपत्रं आली. ओळखपत्र दाखवून सोसायटीच्या फाटकातून ताठ मानेने आत जाता येतं, हे त्या बायका आजही मोठ्या समाधानाने सांगतात. तिथे शिकलेल्या बायका आणि कचरावेचक यांच्यात वाद झाले नसतील असं मी म्हणत नाही. पण कार्यक्रम कोणाचा, हे ठरलेलं होतं.

याच्या उलट टोकाला बीड, धाराशिवकडची ऊसतोड कामगार बाई आहे. तिथे मजूर मोजण्याचं माप ‘कोयता’. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवऱ्याच्या हातात. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावरून गाडीत भरायची, पहाटे उठून भाकरी थापायच्या, हे सगळं ती करते. तिच्या नावाची वेगळी मजुरी हिशेबाच्या वहीत नसते. पाळीच्या दिवसांत काम थांबलं तर खाडा लागतो. या भागातल्या तरुण बायकांनी मोठ्या संख्येने गर्भाशयं काढून टाकली, हे २०१९ मध्ये गाजलं आणि राज्य सरकारला समिती नेमावी लागली. शहरात त्या सुमारास पाळीच्या रजेवर चर्चा सुरू होती. दोन्ही मागण्या एकाच शरीराबद्दलच्या आहेत. त्यांना जोडणारं काम महिला किसान अधिकार मंचासारख्या गटांनी केलं, आणि ते अजून चालू आहे.

जिथे एकमत झालं नाही आणि व्हायची घाईही करू नये, असा एक विषय इथे मुद्दाम नोंदवते. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारमध्ये नाचायला बंदी घातली. मुंबईतल्या अनेक स्त्री संघटना बंदीच्या विरोधात उभ्या राहिल्या. हजारो बायकांची रोजीरोटी एका फटक्यात गेली होती, आणि नैतिकतेचा बडगा नेहमी बाईवरच का, असं त्यांचं म्हणणं होतं. काही दलित-बहुजन स्त्री कार्यकर्त्या बंदीच्या बाजूने बोलल्या. नाचणाऱ्यांत ज्यांच्या जातींवर पिढ्यान् पिढ्या नाचगाणं लादलं गेलं अशा समाजांतल्या मुली खूप होत्या, आणि ज्या धंद्यातून आपल्या मुली बाहेर काढायला बाबासाहेबांनी सांगितलं त्याला तुम्ही निवड म्हणता, हा त्यांचा सवाल होता. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी अवैध ठरवली. न्यायालयात निकाल लागला, हा सवाल मात्र सुटला नाही. मी स्वतः बंदीच्या विरोधात होते आणि आहे. तरी विरुद्ध बाजूचं बोलणं ऐकल्यावर ‘निवड’ या कल्पनेवर मला पूर्वीसारखं बिनधास्त बोलता येत नाही. दोन बाजूंच्या बायका त्यानंतरही एकमेकींच्या कार्यक्रमांना जात राहिल्या, याला मी एकजूटच म्हणते.

समलिंगी आणि ट्रान्स व्यक्तींनीही चळवळीला असाच प्रश्न विचारला. मुंबईत १९९५ मध्ये लेस्बियन आणि बायसेक्शुअल स्त्रियांचा ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला तेव्हा ‘हा आपल्याकडचा विषय नाही’ असं म्हणणाऱ्या स्त्रीवादीही होत्या. आज तसं उघड म्हणणं अवघड झालं आहे. मनातून गेलं आहे का, हे ज्यांना रोज सोसावं लागतं त्यांनी सांगावं.

सध्या आपल्यापुढे आलेला विषय राजकीय आरक्षणाचा आहे. लोकसभा आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारं विधेयक १९९६ मध्ये पहिल्यांदा आलं. ते वारंवार अडलं त्यातलं एक मोठं कारण म्हणजे ओबीसी स्त्रियांसाठी त्यात वेगळ्या जागा ठेवायच्या की नाही, हा वाद. बऱ्याच स्त्री संघटना तेव्हा म्हणत होत्या की आधी विधेयक मंजूर होऊ द्या, आतल्या वाटण्या नंतर करू. २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती होऊन कायदा झाला. अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना त्यांच्या राखीव जागांमध्ये वाटा आहे, ओबीसी स्त्रियांसाठी वेगळी तरतूद नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींत मात्र माळी, धनगर, तेली, वंजारी, आगरी घरांतल्या बायका इतकी वर्षं राखीव जागांवर निवडून येत आहेत, सरपंच होत आहेत, पाण्याच्या योजना आणि शाळेच्या खोल्या मंजूर करून घेत आहेत. कायद्याची अंमलबजावणी जनगणनेशी आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेशी जोडलेली आहे, म्हणजे मागणी करायला अवधी आहे. ज्यांना आहे त्या कायद्यातूनही लोकसभेचं तिकीट मिळू शकतं अशा जातींतल्या, अशा घरांतल्या स्त्री कार्यकर्त्यांनी ओबीसी बायकांच्या जागांसाठी आता पत्रकं काढावीत, सह्या गोळा कराव्यात, आपापल्या पक्षात भांडावं. या पुस्तकातल्या तीन लेखिका त्या कामाला लागल्या आहेत आणि त्यांतली एकही ओबीसी नाही.